चौथ्या नंबरची नाही, सलामीची काळजी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेरण्या आटोपल्या, पऱ्हाटीत डवरे फिरू लागले, आणि पानठेल्यावर सध्या एकच विषय आहे. करुण नायर कर्नाटकात परतला, जितेश शर्मा बडोद्याला गेला, आता २०२५-२६ च्या रणजीत विदर्भाचं कसं होणार? कोणी म्हणतो, "आता काही खरं नाही बावा." कोणी म्हणतो, करुणच्या तोडीचा दुसरा पाहुणा, म्हणजे बाहेरच्या राज्यातला खेळाडू, आणा. तिसरा म्हणतो, पाहुणे बंद करा, आपलेच पोट्टे खेळवा. तिघंही माणसांची नावं मोजत आहेत. संघात नेमकं भोक कुठे आहे, ते कोणी पाहत नाही.

जितेशचं आधी उरकून टाकतो. तो अमरावतीचा, त्यामुळे हळहळ साहजिक आहे. पण २०२४-२५ च्या रणजी हंगामात तो एकही सामना खेळला नाही, कारण कर्णधार अक्षय वाडकर स्वतः यष्टिरक्षक. त्याच्या जाण्याने चार दिवसांच्या संघातली एकही जागा रिकामी झालेली नाही. फटका बसेल तो टी-ट्वेंटी आणि एकदिवसीय संघाला. लाल चेंडूसाठी एवढंच पाहायचं की वाडकरचं बोट मोडलं तर ग्लोव्ह्ज कोण घालणार. तो मुलगा २३ वर्षांखालील संघातून आत्ताच ठरवून ठेवावा, ऐन सामन्याच्या आदल्या रात्री शोधू नये.

करुणची गोष्ट वेगळी. रणजीत ८६३ धावा, अंतिम सामन्यात ८६ आणि १३५. एवढ्या धावा देणारा माणूस गेला की खड्डा पडतोच. पण केरळविरुद्धच्या त्याच अंतिम सामन्याचा धावफलक पुन्हा काढून बघा. नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर पहिल्या सकाळी विदर्भाची अवस्था होती ३ बाद २४. सलामीला ध्रुव शौरीबरोबर कोण उतरला होता? पार्थ रेखडे, म्हणजे डावखुरा फिरकी गोलंदाज. तो शून्यावर गेला. तिसऱ्या नंबरवर कोण आला? दर्शन नळकांडे, म्हणजे वेगवान गोलंदाज. अथर्व तायडे संघाबाहेर होता. नवा चेंडू जुना होईपर्यंत खऱ्या फलंदाजांना झाकून ठेवायचं, असा तो डाव होता. त्यानंतर दानिश मालेवार आणि करुणने २१५ धावांची भागी केली, म्हणून कोणाला त्याची आठवण राहिली नाही. दुसऱ्या डावातही रेखडेच सलामीला आला आणि पुन्हा लवकर गेला.

ज्या संघाला अंतिम सामन्यात गोलंदाज सलामीला पाठवावा लागतो, त्याची अडचण करुणच्या चौथ्या नंबरवर नाही, पहिल्या दोन नंबरांवर आहे. करुण होता तोवर ती झाकली गेली.

आता मधल्या फळीत काय शिल्लक आहे ते बघा. यश राठोडने गेल्या रणजी हंगामात ९६० धावा केल्या, देशात सर्वाधिक. मालेवारने पहिल्याच हंगामात ७८३, अंतिम सामन्यात १५३ आणि ७३. वाडकर आहेच. शौरीही आहे. एवढे असताना आणखी एक मधल्या फळीचा पाहुणा आणला तर तो बसणार कोणाच्या जागी? माझ्या मते मालेवारला चौथ्यावर न्यावं, शौरीला तिसऱ्यावर, आणि तायडे व अमन मोखाडे या दोघांना सलामीला पहिले पाच सामने सलग द्यावेत. पाच म्हणण्याला कारण आहे. यंदा रणजीचा पहिला टप्पा १५ ऑक्टोबर ते १९ नोव्हेंबर असा आहे आणि त्यात साखळीचे पाच सामने आहेत. उरलेले दोन थेट २२ जानेवारीनंतर. मध्ये टी-ट्वेंटी आणि एकदिवसीय स्पर्धा. सलामीवीराला दोन सामन्यांत काढलं आणि जानेवारीत परत घेतलं, तर मधले दोन महिने तो पांढऱ्या चेंडूवर बॅट फिरवून आलेला असतो. ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडायची सवय त्यात मोडते.

राठोडला वर आणा, असाही एक सूर आहे. तसं करू नये. मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दुसऱ्या डावात चार गडी स्वस्तात गेल्यावर त्याने १५१ काढल्या, सोबत वाडकरच्या ५२. पडझडीनंतर, तळाला घेऊन डाव बांधणं हे वेगळं काम आहे आणि ते त्याला येतं. ज्याचं काम ज्या नंबरवर जमलं आहे त्याला तिथून उचललं की दोन नंबर बिघडतात, त्याचा जुना आणि नवा.

पाहुण्यांबद्दल ठेल्यावर बरेच गैरसमज आहेत. नियम असा की एका राज्याला जास्तीत जास्त तीन बाहेरचे खेळाडू घेता येतात, आणि त्यांना मूळ संघटनेचं ना-हरकत पत्र लागतं. 'पाहुण्याला दिलेल्या पैशात आपल्या पोरांची फी गेली' हे म्हणणं चूक आहे. सामन्याची फी बीसीसीआय देते, अंतिम अकरातल्या खेळाडूला अनुभवाप्रमाणे दिवसाला ४० हजार, ५० हजार किंवा ६० हजार रुपये. पाहुण्याशी संघटनेचा करार असतो तो वेगळा. प्रश्न पैशाचा नसून जागेचा आहे. अकरातली एक जागा पाहुण्याला दिली की त्या जागेवरचा आपला मुलगा पूर्ण हंगाम पाणी नेतो.

म्हणून पाहुणा नकोच, असं मी म्हणत नाही. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक असताना २०१७-१८ आणि २०१८-१९ अशा लागोपाठ दोन रणजी करंडकांत वसीम जाफरचा वाटा कोण नाकारेल? दुसऱ्या वर्षी त्याने १०३७ धावा केल्या. पण जाफर मूळचा सलामीवीर होता आणि विदर्भाकडून तिसऱ्या नंबरवर खेळायचा, हे विसरू नका.  कर्नाटकातून आलेल्या गणेश सतीशने मधली फळी धरली. प्रत्येक पाहुणा एका ठरावीक कामासाठी होता. केरळनेही तेच केलं. जलज सक्सेना आधीपासून होताच, वर आपलाच आदित्य सरवटे नेला. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात ज्या सरवटेने सौराष्ट्राचे ११ बळी घेतले आणि पुजाराला दोन्ही डावांत टिकू दिलं नाही, तोच २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात केरळकडून जामठ्यावर ७९ धावा काढून गेला. विदर्भाच्या ३७९ ला केरळने ३४२ पर्यंत उत्तर दिलं. आघाडी अवघी ३७ ची, सामना अनिर्णित, करंडक पहिल्या डावाच्या आघाडीवर. तळाला आलेल्या नचिकेत भुतेच्या ३२ धावा काढून टाका आणि हिशेब करा.

सरवटे केरळला आणि रजनीश गुरबानी महाराष्ट्राला गेला, तेव्हाही ठेल्यावर हेच रडगाणं होतं. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध इंदूरला गुरबानीने हॅटट्रिक घेतली होती, तो माणूस गेला म्हणजे वेगवान मारा संपला, असं सगळे म्हणत. झालं काय? सरवटेच्या जागी आलेल्या डावखुऱ्या फिरकीपटू हर्ष दुबेने एका हंगामात ६९ बळी घेतले, रणजीच्या इतिहासातला विक्रम, शिवाय ४७६ धावा. साखळीतल्या सात सामन्यांपैकी सहा जिंकून संघ ४० गुणांवर पहिला आला. जागा रिकामी झाली आणि ती घरच्याला दिली गेली, म्हणूनच दुबे सापडला.

आता खरी काळजी दुबेचीच आहे, पण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. त्याला भारत 'अ' संघात घेतलं जातं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो तिकडे गेला, तर दिवसाला तीस-तीस षटकं टाकणार कोण? उत्तर रेखडे आहे. मुंबईविरुद्ध एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे यांना बाद करणारा हाच रेखडे. त्याला सलामीला पाठवून थकवण्यापेक्षा दुसरा फिरकीपटू म्हणून पक्का करावा.

एक मत असं की नवा पाहुणा डावखुरा वेगवान गोलंदाज असावा, म्हणजे माऱ्यात विविधता येईल. दिसायला बरं आहे. पण खेळपट्टीवर काय होतं ते बघा. डावखुरा वेगवान गोलंदाज स्टंपच्या उजवीकडून टाकतो. त्याच्या बुटाच्या खिळ्यांनी जी माती उखडते ती उजव्या फलंदाजाच्या ऑफस्टंपबाहेर पडते. तिचा जास्त फायदा समोरच्या बाजूने टाकणाऱ्या ऑफस्पिनरला. आपले दोन्ही मुख्य फिरकीपटू डावखुरे. उजव्या फलंदाजाच्या लेगस्टंपबाहेरचं उखडलेलं मैदान त्यांना हवं असतं, आणि ते यश ठाकूर, भुते, नळकांडे यांच्यासारखे उजव्या हाताचे गोलंदाजच तयार करतात. पाहुणा घ्यायचाच असेल तर सलामीवीर घ्या. नाही मिळाला तर जागा रिकामी ठेवा. तीन घेता येतात म्हणजे तीन घेतलेच पाहिजेत असं नाही.

जूनमध्ये जामठ्यावर झालेल्या विदर्भ प्रो टी-ट्वेंटी लीगवरून रणजीची यादी करणाऱ्यांनाही एक विनंती. २० चेंडूंत ४० काढणारा मुलगा डोळ्यांत भरतो. लाल चेंडूसाठी त्याचा कर्नल सी. के. नायडू स्पर्धेतला, म्हणजे २३ वर्षांखालील संघातला धावफलक बघा. किती डावांत तो शंभरहून जास्त चेंडू टिकला, एवढं एकच मोजा.

उद्याच्या खेळाडूंचा विषय निघाला की आपल्याकडचे लोक उमेश यादवचं नाव घेतात. वलनीच्या खाण कामगाराचा मुलगा, टेनिस बॉलवर वाढला, २००८ मध्ये रणजी खेळला. म्हणजे गुणी पोट्टा कुठूनही वर येतोच, असा निष्कर्ष. तो निष्कर्ष फसवा आहे. टेनिस बॉल भरतो ५८ ग्रॅमच्या आसपास, क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम. गावोगावच्या स्पर्धांत मनगटाच्या झटक्याने वेग काढणारा मुलगा जड चेंडू हाती आला की खांदा दुखवून घेतो, आणि शिवण कशी धरायची ते त्याला विसाव्या वर्षी कळतं.

तालुक्यात जिथे चामड्याच्या चेंडूवर खेळ होतो तिथे तो काथ्याच्या मॅटवर होतो. मॅटवर चेंडू उंच आणि सारखा उसळतो, खाली राहत नाही. त्यामुळे फलंदाज कट आणि पुल छान शिकतो, पण पुढचा पाय टाकून चेंडूवर झुकणं शिकत नाही. टर्फवर, म्हणजे मातीच्या खेळपट्टीवर, आला की पहिल्या महिन्यात पायचीत होत राहतो. गोलंदाज मॅटवर सपाट रबरी बूट घालतो. खिळ्यांच्या बुटांत त्याचा टप्प्याचा पाय अडकतो, पावलं चुकतात, नो-बॉल पडतात. आणि फिरकीपटू? मॅटवर माती उखडतच नाही, मग उखडलेल्या जागेत चेंडू टाकायचं तो शिकणार कुठे?

मॅटही नीट बसवलेली नसते. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. तिच्यावर थेट चार इंच मुरूम टाकून रोलर फिरवला की एका पावसात मधला भाग उचलला जातो आणि नेमक्या गुड लेंग्थवर मॅटला सुरकुती येते. तिथून एक चेंडू तोंडावर उडतो, दुसरा घोट्यावर. आधी फूटभर काळी माती काढून खाली दगडी गिट्टी, वर चाळलेला मुरूम, दोन्ही बाजूंना उतार आणि मॅट चहूबाजूंनी ताणून खिळलेली, एवढं केलं तर ही भानगड होत नाही. खिळे दर डावानंतर तपासावे लागतात, ते कोणी तपासत नाही.

आणि हीच काळी माती टर्फसाठी सोनं आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी सरावाच्या दोनच पट्ट्या करायच्या. खाली गिट्टीचा निचरा, वर आठ-नऊ इंच चाळलेली काळी माती थराथराने दाबलेली, शेजारी विहीर किंवा बोअर, एक जड रोलर, ताडपत्र्या आणि पगारी माळी. यातलं बाकी सगळं एकदाच करायचं असतं. माळी कायम लागतो, आणि पट्ट्या बंद पडतात त्या माळी नसल्यानेच. पाणी मारून, ओल किती राहिली ते अंगठ्याने बघून, आठ-दहा दिवस रोज रोलर फिरवणारा माणूस नसेल तर त्या पट्टीवर गवत उगवतं आणि पोरं परत मॅटवर जातात.

नळकांडे वर्ध्याचा, तायडे आणि आदित्य ठाकरे अकोल्याचे. मोठ्या गावांतून मुलं येतात हे यावरून दिसतं. आर्वी, पुसद, वरोरा, देसाईगंज इथल्या मुलाला मात्र आजही टर्फसाठी नागपूरला खोली करून तिथल्या गुझदर लीग या स्पर्धेतला क्लब धरावा लागतो. बापाला ते परवडलं तर सोळाव्या वर्षी, नाहीतर कधीच नाही. विदर्भ क्रिकेट संघटनेने पाहुण्याच्या कराराइतकीच घाई जिल्ह्यातल्या माळ्याच्या नेमणुकीची करावी. काळ्या मातीचे थर बसायला एक पावसाळा जावा लागतो, म्हणजे ते काम येत्या उन्हाळ्यात, मे संपायच्या आत व्हायला हवं.

आपला,
एक वाचक
आर्वी, जि. वर्धा