सॅक्स-झिमला निघण्यापूर्वी

पुणे, ११ जानेवारी

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पुढच्या शनिवारी तुम्ही मैत्रिणी डुलुथहून सॅक्स-झिमच्या दलदलीत घुबडे पाहायला जाणार असल्याचे तू सांगितलेस, आणि त्याविषयी सविस्तर लिहावे असे मनात आले. २००४-०५ चा हिवाळा मी कंपनीच्या कामानिमित्त मिनिआपोलिसला काढला, हे तुला ठाऊक आहे. पण त्या वर्षी तुझ्या डुलुथच्या आसपास, मिनेसोटाच्या उत्तर भागात जे घडत होते, ते तुला नीट सांगायचे राहूनच गेले.

ग्रेट ग्रे आऊल हे राखाडी घुबड दोन-अडीच फूट उंचीचे असते आणि एरवी कॅनडाच्या सूचिपर्णी अरण्यांत राहते. मिनेसोटात ते मोजकेच आढळते. त्या एका हिवाळ्यात मात्र राज्यभरातून पाच हजारांहून अधिक घुबडांची नोंद झाली. या घुबडांचे पोट प्रामुख्याने व्होल नावाच्या आखूड शेपटीच्या उंदरांवर चालते. या उंदरांची संख्या काही वर्षांच्या अंतराने भरमसाट वाढते आणि मग एकदम कोसळते. त्या वर्षी ती उत्तरेत कोसळली आणि घुबडे अन्नाच्या शोधात दक्षिणेकडे आली. रस्त्याकडेच्या गवतात त्यांना व्होल मिळत आणि ती जमिनीलगत उडत, त्यामुळे कितीतरी घुबडे मोटारींची धडक बसून मेली. तो हिवाळा आठवला की मला पाहिलेल्या पक्ष्यांइतकीच तीही आठवतात.

मी पाहिलेले एक घुबड रस्त्यालगतच्या खांबावर बसले होते आणि आम्ही गाडी बंद करून आतच थांबलो होतो. ओंडका आडवा कापल्यावर दिसतात तशी वर्तुळे त्याच्या चेहऱ्यावर होती, मधोमध लहानसे पिवळे डोळे आणि हनुवटीखाली पांढरा पट्टा. आमच्याकडे त्याने एकदाच पाहिले. नंतर त्याचे सगळे लक्ष समोरच्या बर्फावर होते, जिथे आम्हाला काहीही दिसत नव्हते. बऱ्याच वेळाने ते आवाज न करता उडाले, एका जागेच्या बरोबर वर क्षणभर हवेत तरंगत राहिले आणि बर्फात घुसले. वर आले तेव्हा पंजात व्होल होता, आणि बर्फावर दोन्ही पंखांचा ठसा पिसांच्या टोकांसकट उमटला होता. त्या तरंगण्याचा उलगडा मला अलीकडे, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून झाला: बर्फातून बाहेर येताना आवाज वाकतो, त्यामुळे बाजूने ऐकले तर उंदीर जिथे आहे त्यापेक्षा वेगळ्याच जागी असल्याचा भास होतो, आणि नेमके डोक्यावर आल्यानेच तो भास नाहीसा होतो.

हे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण असे की, एवढ्या मोठ्या दिसणाऱ्या या पक्ष्याचे वजन जेमतेम एक-सव्वा किलो असते, उरलेला सगळा आकार पिसांचा. उणे पंचवीस अंशांच्या थंडीत त्याला रोज शिकार मिळालीच पाहिजे, आणि आपल्यामुळे ते एकदा जरी विनाकारण उडाले, तरी त्याने ऐकून नक्की केलेला उंदीर हातचा जातो. भिगवणला रोहित पक्षी उडावेत म्हणून होडी मुद्दाम थव्याच्या अंगावर नेलेली पाहून तुला किती संताप आला होता! सॅक्स-झिमलाही काही छायाचित्रकार पाळीव उंदीर बर्फावर सोडून घुबडाला कॅमेऱ्यासमोर बोलावतात. घुबडाला माणसाची आणि रस्त्याची अशी सवय लागणे हे त्याच्या जिवावर बेतणारे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कुणी असे करताना दिसले तर त्या फोटोच्या मोहात न पडता तिथून निघून जा.

उत्तरेकडून आलेला प्रत्येक पक्षी उपाशीच असतो, असेही मात्र समजू नकोस. हिमघुबडांची गोष्ट बरीचशी उलटी आहे. २०१३-१४ च्या हिवाळ्यात ती ईशान्य अमेरिकेत आणि पंचमहासरोवरांच्या परिसरात मोठ्या संख्येने उतरली, ती उत्तर क्युबेकमध्ये लेमिंग हे उंदीर मुबलक होऊन पुष्कळ पिल्ले जगली म्हणून. पकडून तपासलेल्या घुबडांपैकी बरीचशी चांगली धष्टपुष्ट निघाली. आणि तुझ्या डुलुथलाच, कॅनल पार्कपाशी, जानेवारी २०१६ मध्ये आयव्हरी गल आला होता. ध्रुवाजवळच्या तरंगत्या बर्फावर आयुष्य काढणारा हा शुभ्र कुरव तिथे कसा पोहोचला असेल, याचा विचार मी अजूनही करतो.

घुबड दिसले नाही तर हिरमुसू नका. ॲडमिरल रोडवर पक्ष्यांसाठी दाणे ठेवतात आणि हरणाच्या बरगड्याही टांगतात. त्यांवरची चरबी टोचायला तपकिरी टोपीचा बोरिअल चिकडी येतो. मुठीत मावेल एवढा हा पक्षी तो कडाक्याचा हिवाळा तिथेच काढतो, दक्षिणेला जात नाही. मला तर तो घुबडाइतकाच थोर वाटतो. आऊल अव्हेन्यूवरच्या स्वागत केंद्रात आधी चौकशी करा. तिथली माणसे आदल्या दिवशी काय दिसले ते सांगतात.

आता आईच्या वतीने. पेट्रोलची टाकी भरूनच निघा, गाडीत जाड पांघरूण, फावडे आणि खायचे काहीतरी ठेवा, कारण त्या रस्त्यांवर फोनची रेंज सगळीकडे मिळेलच असे नाही. गाडी मधोमध उभी करू नका आणि कडेच्या बर्फातही फार घालू नका. खाली चर असतो. दुर्बीण डिकीत ठेवू नकोस, थंडगार काचा तोंडाजवळ आल्या की धुके धरतात. शक्यतो गाडीतूनच पाहा, कारण गाडीला पक्षी माणसाइतके बिचकत नाहीत. पहाटे लवकर पोहोचा. तिकडे पाचच्या आत अंधारते, आणि नेमक्या त्याच वेळी घुबडे रस्त्यावर उतरतात, तेव्हा परतताना गाडी सावकाश चालवायला मैत्रिणीला सांग.

कोणते घुबड कुठे बसले होते आणि काय करत होते, ते आल्यावर सविस्तर लिही.

तुझा,
बाबा