मणक्याची शस्त्रक्रिया आणि डिस्चार्जची घाई

संपादक महोदय,

तातडीची नसलेली, आधी तारीख ठरवून केलेली मणक्याची शस्त्रक्रिया झाली की रुग्णाला लवकर घरी सोडण्याकडे आता कल आहे, आणि तो मुळात योग्यच आहे. सरकलेल्या चकतीचा नसेवरील दाब काढलेला रुग्ण बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाऊ शकतो. मणके स्क्रू आणि सळ्यांनी जोडले असतील तर मुक्काम वाढतो. विनाकारण खाटेवर पडून राहिल्यास पायांच्या शिरांत गुठळ्या होण्याचा धोका असतो, आणि वयस्कर रुग्ण तर रुग्णालयात कधीकधी भ्रमिष्टासारखे वागू लागतात.

अडचण येते ती खाट रिकामी होण्याच्या गरजेवरून डिस्चार्जची वेळ ठरू लागली की. लवकर घरी गेलेल्यांची प्रकृती चांगली राहते, हे आकड्यांनिशी सांगितले जाते. परंतु लवकर सोडले जातात ते बहुतांशी तरुण, इतर आजार नसलेले आणि लहान शस्त्रक्रियेचे रुग्ण, ही बाब त्या तुलनेत सोयीस्करपणे मागे पडते.

लघवीचेच पाहा. नळी काढल्यावर परिचारिका ‘झाली का?’ विचारते, रुग्ण ‘हो’ म्हणतो आणि कागदावर खूण होते. प्रत्यक्षात मूत्राशय तुडुंब भरून थोडी थोडी लघवी बाहेर पडत असू शकते, आणि सोनोग्राफीने आत किती उरली हे पाहायला काही मिनिटेच लागतात. कमोडवरून उठणे, जिना चढणे, गोळ्यांवर वेदना आटोक्यात राहणे या गोष्टीही घड्याळाकडे न पाहता तपासल्या पाहिजेत. संध्याकाळी उशिरा, फिजिओथेरपिस्ट निघून गेल्यावर आणि नातेवाईक बिलाच्या रांगेत असताना दिलेल्या सूचना कोणाच्या लक्षात राहणार?

जखमेतला संसर्ग बहुधा घरी गेल्यानंतरच, एक-दोन आठवड्यांनी दिसतो, त्यामुळे मुक्काम एका दिवसाने वाढवूनही तो सापडेलच असे नाही. म्हणूनच पायातील ताकद कमी होणे, जांघेत व गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, लघवी अडणे, ताप येणे किंवा जखमेतून स्राव होणे, यांपैकी काहीही झाल्यास लगेच कोणाला फोन करायचा, हे रुग्णाच्या भाषेत छापून द्यावे, तो फोन रात्रीही उचलला जावा आणि घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी रुग्णालयाने स्वतःहून चौकशी करावी.

— एक वाचक