सिलिकॉन की सिलिका, अहवालात स्पष्ट लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा आला की वाघोली, खराडीकडच्या सोसायट्या बोअरच्या पाण्यासाठी आरओ प्लांट बसवायला घेतात. पाणी तपासून आणतात, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) आणि कठीणपणा बघतात. सिलिकाची, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगाची, ओळ कुणी वाचत नाही. मुळात ती असेल तर! पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००) सिलिकाला मर्यादा नाही, त्यामुळे सांगितल्याशिवाय ती सहसा तपासली जात नाही. आपला खडक बेसॉल्ट. वाघोलीच्या खाणींत जे झिओलाइटचे सुंदर स्फटिक मिळतात, तेही सिलिकेटच, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनचीच खनिजे. अशा खडकातून झिरपलेल्या पाण्यात सिलिका असणारच.

मोठी गफलत होते ती एककात. अहवालात 'सिलिकॉन १७ मिग्रॅ/लि.' छापलेले असते. सिलिका हवी तर त्याला २.१४ ने गुणायचे, म्हणजे ३६. आरओने ७५ टक्के पाणी काढून घेतले की रिजेक्टमध्ये (उरलेल्या टाकाऊ पाण्यात) ती चौपट, १४५ च्या घरात. २५ अंशांना साधारण १२० च्या वर ती विरघळून राहत नाही, मेंब्रेनवर (आरओच्या गाळणाऱ्या पडद्यावर) बसते, आणि तो थर नेहमीच्या आम्लधुणीने निघत नाही. तेच १७ सिलिका म्हणून धरले तर चौपट ६८. कागदावर सगळे आलबेल.

नमुना काचेच्या बाटलीत नेऊ नये. काचेतूनच सिलिका पाण्यात उतरते. प्लास्टिकची बाटली घ्यावी, फ्रिजमध्ये ४ अंशांना ठेवावी, पण गोठवू नये. गोठले की सिलिकाचे रेणू एकमेकांना जुळतात आणि तपासणीत रंग आणणाऱ्या मॉलिब्डेट या रसायनाला दाद देत नाहीत. आकडा कमी येतो.

प्रयोगशाळेतली कृती सोपी, पण घड्याळाची. ५० मिली नमुन्यात निम्मे पाणी घालून केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल १ मिली आणि १० टक्के अमोनियम मॉलिब्डेट २ मिली घालून सहा वेळा उलटसुलट करायचे. ५ ते १० मिनिटांत पिवळा रंग येतो. फॉस्फेटही असाच पिवळा रंग देते, म्हणून मग साडेसात टक्के ऑक्झॅलिक आम्ल २ मिली. ते फॉस्फेटचा रंग मोडते. त्यानंतर २ ते १५ मिनिटांच्या आत ४१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात उपकरणावर रंगाचे वाचन. वीस नमुन्यांत एकदम ऑक्झॅलिक आम्ल ओतून एकेक वाचत बसले, की शेवटच्यांचा रंग उतरलेला असतो. तो पिवळेपणा डोळ्यांना तसाच दिसतो, हीच पंचाईत. पाणी मुळातच गढूळ किंवा रंगीत असेल तर मॉलिब्डेटविना एक कोरे वाचन घेऊन वजा करावे.

या पद्धतीने फक्त विरघळलेली सिलिका कळते. कलिलरूप (न विरघळता अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तरंगणारी) सिलिका मोजायची तर नमुना प्लॅटिनमच्या भांड्यात ०.२ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट घालून तासभर वाफेवर ठेवावा लागतो. नमुना देतानाच हे सांगावे, आणि अहवालात आकड्यापुढे 'सिलिका म्हणून' की 'सिलिकॉन म्हणून' हे लिहून मागावे.

आपला,
पाणी तपासणीच्या कामातील एक वाचक, पुणे