बाळ येण्याआधी घरातलं काय काढायचं

नौपाडा, ठाणे

प्रिय मेधा,

डोहाळजेवणाचे फोटो पाहिले, हिरवी साडी किती खुललीये तुला! बाळ यायच्या आधी घर 'निर्जंतुक' कसं करू, असं परवा तू विचारलंस. ते फोनवर उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

माझं ऐकशील तर नवं काही आणण्याआधी सिंकखालच्या निम्म्या बाटल्या काढून टाक. आमची चिऊ रांगायला लागली आणि मला कळलं, लादीला जे लावू ते तिच्या तळहातांना लागतं आणि तिथून थेट तोंडात. शिवाय आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, नवजात बाळ ३० ते ६०. खोलीत फवारलेलं सुगंधी काहीही त्या इवल्याशा छातीत जातं. फिनाईलचा वास आला की घर स्वच्छ, हे आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलंय, पण वासानं घाण निघत नाही गं. आम्ही लादी साध्या पाण्यानं पुसतो. चिकट झाली तर बादलीत भांड्यांच्या साबणाचे चार थेंब आणि नंतर नुसत्या पाण्याचा हात. पुसायचं फडकं मात्र रोज धुऊन उन्हात वाळायला हवं.

खरी भीती मला ब्लीच आणि संडासाच्या अ‍ॅसिडची वाटते. ती एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. आमच्या मावशी आधीच्या एका घरी 'दोन्ही टाकलं की चकाचक होतं' म्हणून बाथरूमचं दार लोटून तेच करायच्या आणि खोकून बेजार व्हायच्या. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. घर आपलं, पण वास त्यांच्या छातीत जातो. आता दोन्हींपैकी एकच ठेवलंय, तेही वरच्या फळीवर, त्याच्या मूळ बाटलीतच. कोल्ड्रिंकच्या बाटलीत काहीही ओतून ठेवू नकोस.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून फेस काढणारे व्हिडिओ तुलाही येत असतील. तो फेस म्हणजे दोघांनी एकमेकांना निकामी करणं. वेगवेगळे वापर: नळावरच्या पांढऱ्या डागांना व्हिनेगर, ओट्याच्या तेलकटपणाला सोडा. संगमरवराला व्हिनेगर लावू नकोस, डाग पडतात. आणि ब्लीचमध्ये तर अजिबात नाही.

दुपट्यांसाठी सासूबाईंनी जांभळी नाक्यावरून रिठे आणले. बिया काढून रात्री भिजवायचे, सकाळी उकळून कुस्करायचे. मधासारखं तपकिरी पाणी येतं आणि हाताला गुळगुळीत फेस. पण नैसर्गिक म्हणून बिनधास्त राहू नको, डोळ्यात गेलं तर फार झोंबतं, आणि दोन-तीन दिवसांत ते आंबतं. रोजच्या ढिगाला बिनवासाची साधी पावडर आणि एक जास्तीचं खळबळणं पुरतं. सॉफ्टनर नको, लंगोट पाणी शोषेनासे होतात.

आणि हे नक्की लक्षात ठेव. तुझ्या आई ट्रंकेतली जुनी झबली काढणार, त्यात डांबरगोळ्या असणारच. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. त्यांच्या तांबड्या पेशी त्या वाफेनं फुटतात आणि कावीळ धोकादायक वाढते. आपलं बाळ त्यातलं आहे का, ते आधी कळत नाही. त्या ट्रंकेतलं काही बाळाला घालू नका, आणि गोळ्या घरातूनच काढा. काकूंना वाईट वाटेल. मी रविवारी ऐरोलीला येतेय, तेव्हा त्यांच्याशी मीच बोलते. येताना रिठेही आणते.

तुझी,
स्वाती