ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिसच्या रुग्णांची कायमस्वरूपी नोंदवही हवी : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली घरोघरी जाऊन सांध्यांच्या विकारांची पाहणी सुरू झाली आणि प्रौढांपैकी सुमारे अर्धा टक्का लोकांना ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस हा सांधे सुजवणारा आजार असल्याचे तीतून दिसले. अशा रुग्णांच्या फुप्फुसांचे आणि हृदयाचे पुढे वर्षानुवर्षे काय होते, याचा शोधही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी तितक्याच चिकाटीने घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

हा आजार बोटे वाकडी करून थांबत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, तेव्हा सांध्यांच्या अस्तराबरोबर रक्तवाहिन्या, डोळे आणि फुप्फुसेही तिच्या तडाख्यात सापडतात. हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट होतो. फुप्फुसे आतून घट्ट होत जाणे ही तर अतिशय घातक गुंतागुंत, आणि ती अनेकदा धाप लागण्याआधीच सुरू झालेली असते. माझ्या आईची धाप बराच काळ वाढत्या वयामुळे असल्याचे मानले गेले. छातीचा सीटी स्कॅन झाला, तोवर झालेली हानी भरून येण्याजोगी उरली नव्हती.

परदेशांतील संशोधन उपयोगी आहेच, पण ते आपल्याला पुरणारे नाही. सिगारेटचा धूर या आजारात घातक असल्याचे सिद्ध झाले आहे. मात्र ज्या बाईने आयुष्यभर चुलीपुढे स्वयंपाक केला, तिच्या फुप्फुसांचे काय होते, हे इथेच तपासावे लागेल. (या आजारात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असते, म्हणून हा प्रश्न किरकोळ नाही.) या आजारावर दिल्या जाणाऱ्या, टीएनएफ (सूज वाढवणारे शरीरातील एक प्रथिन) रोखणाऱ्या इंजेक्शनांमुळे शरीरात सुप्त असलेला क्षयरोग उफाळू शकतो. क्षयरोग इतका पसरलेल्या देशात ही औषधे देताना डॉक्टरांच्या हाती इथल्याच रुग्णांची माहिती असायला हवी.

एमडीचे विद्यार्थी प्रबंधासाठी माहिती गोळा करतात, परंतु विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेला की रुग्णांचा पाठपुरावा सहसा तिथेच तुटतो. म्हणून पुण्याच्या बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि ससून रुग्णालयात या रुग्णांची कायमस्वरूपी नोंदवही सुरू करावी. निदान होताच फुप्फुसांची क्षमता, हृदयाची स्थिती आणि क्षयाची तपासणी तीत नोंदवून दरवर्षी पुन्हा पाहावी. आणि रुग्णांची ओळख गुप्त ठेवून ही माहिती संशोधकांना खुली करावी. या कामासाठी नेमलेले कर्मचारी आणि स्वतंत्र निधी यांची तरतूद येत्या अर्थसंकल्पात व्हावी.

आपली नम्र,
एका रुग्णाची मुलगी, पुणे