मोफत कार्ड मी का काढले नाही

पुणे,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मागच्या रविवारी फोनवर तू मला जरा रागावूनच विचारलेस, की सत्तरीपुढच्या सगळ्यांना सरकार ५ लाखांचे आयुष्मान कार्ड फुकट देत असताना तुम्ही दोघे ते अजून का काढत नाही. तेव्हा मी नीट उत्तर दिले नाही, कारण हा विषय दोन वाक्यांत संपणारा नाही आणि बाबा शेजारी बसून मध्ये मध्ये बोलत होते. म्हणून हे पत्र.

तू म्हणतोस ती योजना खरी आहे आणि चांगलीही आहे. आयुष्मान भारत योजना २०१८ साली सुरू झाली तेव्हा ती गरीब कुटुंबांपुरती होती. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, तिच्यात घेतले जाऊ लागले. त्या कार्डाचे नाव आयुष्मान वय वंदना. मधुमेह, रक्तदाब असे आधीपासूनचे आजार असले तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते, आणि खासगी पॉलिसीत या वयात नेमकी तीच अडचण असते. परंतु तिच्यात एक अट आहे, जी जाहिरातीच्या फलकावर ठळक दिसत नाही. ज्यांच्याकडे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आणि निवृत्तांची आरोग्य योजना, म्हणजे सीजीएचएस, किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस आहे, त्यांना दोहोंपैकी एकच ठेवता येते. म्हणजे तुझ्या फुकटच्या कार्डासाठी मला माझे सीजीएचएस सोडावे लागेल.

ते मी का सोडणार नाही, हे हिशेबानेच सांगते, कारण आयुष्यभर मी हिशेबच तपासले. २०१४ साली निवृत्त होताना माझ्या ग्रेड पेप्रमाणे, म्हणजे पगाराच्या श्रेणीप्रमाणे, सीजीएचएसची वर्गणी दरमहा ३२५ रुपये होती. दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरली की कार्ड आजन्म मिळते, म्हणून मी ३९ हजार रुपये भरले. त्या वेळी बाबा म्हणाले होते, की एवढ्यात नवा फ्रीज येईल. आज त्याच पातळीवरच्या कर्मचाऱ्याला दरमहा ६५० रुपयांप्रमाणे ७८ हजार भरावे लागतात. या पैशात मिळणाऱ्या उपचारांना वर्षाकाठची कमाल मर्यादा नाही; प्रत्येक उपचाराचा दर तेवढा सरकारने ठरवलेला असतो. उलट वय वंदनाचे ५ लाख हे आम्हा दोघांत मिळून आहेत, प्रत्येकी नव्हेत, कारण एका कुटुंबातले सत्तरीपुढचे सगळे ती रक्कम वाटून घेतात.

याहून मोठा फरक असा, की आयुष्मान कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामाला येते. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांचा खर्च त्यात धरतात, बाकी ओपीडी नाही, रोजच्या गोळ्या नाहीत. तू आमच्या औषधांचा डबा पाहिला आहेस. या अकरा वर्षांत मी एकदा आणि बाबा दोनदा दाखल झाले, पण गोळ्या मात्र एकही महिना चुकल्या नाहीत. म्हातारपणाचा पैसा जातो तो असा थेंबाथेंबाने, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण विमा म्हटला की डोळ्यांसमोर शस्त्रक्रियाच येते. सीजीएचएसच्या डिस्पेन्सरीत (आता तिला वेलनेस सेंटर म्हणायचे असते, पण रांगेतले सगळे डिस्पेन्सरीच म्हणतात) डॉक्टर तपासतात आणि औषधे मिळतात; साठ्यात नसलेले औषध इंडेंट लावून, म्हणजे मागणी नोंदवून, मागवतात, ते एक-दोन दिवसांनी जाऊन आणावे लागते. हा हेलपाटा मला मान्य आहे.

सगळे गोड आहे असे मी म्हणत नाही. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी पॅनेलवर, म्हणजे सीजीएचएसच्या मान्य यादीत, असलेल्या एका रुग्णालयाने आधी डिपॉझिट मागितले होते. पेन्शनरला पॅनेलवर कॅशलेस उपचार मिळायला हवेत हे मला ठाऊक होते, म्हणून मी कार्ड पुढे करून तिथेच बसून राहिले, आणि तासाभराने त्यांना नियम आठवला. सरकारी दर परवडत नाहीत, बिले थकतात, ही रुग्णालयांची तक्रार जुनी आहे. गेल्या महिन्यात, १३ ऑक्टोबरपासून, दर सुधारून दिले आहेत, तेव्हा ही कुरकुर काही काळ तरी कमी होईल असे वाटते. शिवाय सत्तरी ओलांडलेल्यांना आता रेफरलची चिठ्ठी न घेता पॅनेलवरच्या तज्ज्ञाकडे थेट जाता येते, त्यामुळे माझी एक रांग वाचली.

आम्ही गावच्या घरी राहायला का गेलो नाही, असे तू पूर्वी विचारत असस. त्याचे एक कारण हेच होते. महाराष्ट्रात सीजीएचएसचा कारभार मुख्यतः मुंबई, पुणे आणि नागपूर इथूनच चालतो. त्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्या पेन्शनरला ओपीडीऐवजी दरमहा वैद्यकीय भत्ता घेता येतो. तेव्हा तो ५०० रुपये होता, २०१७ पासून १००० आहे. एक हजारात दोघांची ओपीडी कशी भागवायची ते तूच सांग.

माझ्यानंतर बाबांचे काय, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो तुझ्या मनात असणार. त्यांना स्वतःची पेन्शन नाही, परंतु कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल आणि आजन्म वर्गणी भरलेली असल्याने कार्ड पुढे चालू राहील. त्यासाठी त्यांना पुन्हा पैसे भरावे लागणार नाहीत, फक्त कागद बदलावे लागतील.

तुझ्या कंपनीच्या पॉलिसीत आमची नावे आहेत, ती राहू देत. मात्र तिच्या भरवशावर आम्ही काही सोडावे असे म्हणू नकोस, कारण ती तुझ्या नोकरीपुरतीच आहे.

आता ज्यांना ते मोफत कार्ड खरोखर हवे आहे त्यांच्याविषयी. तुझी मावशी ७२ वर्षांची आहे, पेन्शन नाही, विमा कधीच नव्हता. वय वंदना तिच्यासाठीच आहे असे समज. ते कार्ड काढायला मी तिला सरकारी रुग्णालयात घेऊन गेले, तर आधारवर तिची जन्मतारीख कोणीतरी अंदाजाने चार वर्षे पुढची टाकलेली, म्हणजे कागदोपत्री ती ६८ वर्षांची! वय आधारवरूनच धरतात, त्यामुळे आम्ही तसेच परत आलो. तोवर तिला उपाय नाही असे मात्र नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता महाराष्ट्रातले सगळे शिधापत्रिकाधारक येतात, पांढऱ्या कार्डाचेसुद्धा, आणि १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचे, टेबल असते. शिधापत्रिका आणि आधार घेऊन आधी तिथे जायचे, बिलाच्या काउंटरवर नाही.

तुझ्या सासऱ्यांनाही एक गोष्ट विचारून घे. ते कारखान्यात होते आणि त्यांचा ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, पगारातून कापला जात असे. विमापात्र नोकरीत किमान पाच वर्षे काढून वयोमानानुसार निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी ईएसआयची वैद्यकीय सेवा पुढे चालू ठेवता येते. एकशे वीस, मी शून्य विसरलेले नाही. निवृत्त होईपर्यंत ते पगाराच्या मर्यादेत होते का, एवढे तपासावे लागेल. आणि सीजीएचएससारखी इथे अडचण नाही: ईएसआय असलेल्यांना सत्तरीनंतर वय वंदनाही घेता येते.

आमची दोन्ही कार्डे, पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) प्रत आणि वर्गणी भरल्याची पावती कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहे. आमच्यापैकी कोणाला अचानक न्यावे लागले, तर घराजवळच्या पॅनेलवरील तीन रुग्णालयांची नावे फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिली आहेत, तिथे न्या. वेळ तशीच आली आणि दुसरीकडे न्यावे लागले तर हरकत नाही. तातडीच्या उपचारांचे पैसे सरकारी दराने परत मिळतात, पण इमर्जन्सी सर्टिफिकेट आणि मूळ बिले डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्या.

डिसेंबरात येशील तेव्हा एक दिवस मावशीसाठी ठेव. तिच्या आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडला आहे, त्यामुळे ओटीपी येत नाही, आणि भांडी घासून घासून तिच्या अंगठ्याचा ठसा यंत्र घेत नाही. जन्मतारखेसाठी तिचा शाळा सोडल्याचा दाखला मी शोधून ठेवला आहे. तू तिला आधार केंद्रावर घेऊन जा आणि क्रमांक तुझा दे.

तुझी,
आई