आधी मास्क, रेग्युलेटर शेवटी

मालवण

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली खरेदीची यादी नीट वाचली. स्कूबा डाइव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं, ओपन वॉटरचं, कार्ड हातात पडलं की सगळं सामान आपलं स्वतःचं असावं असं वाटतंच, आणि त्यात मास्क, फिन्स (पायात घालायची वल्ही), बीसीडी (हवा भरून तरंगवणारं जॅकेट), रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला पुरवणारं यंत्र) असा अख्खा संच सवलतीत दिसला की हात आवरत नाही. तरी तो संच घेऊ नकोस. त्यातल्या दोन वस्तू तुला बसतील, दोन बसणार नाहीत, आणि न बसणाऱ्या नेमक्या रोज लागणाऱ्या असतील. चेहऱ्याला आणि अंगाला बसायला हवं ते आधी घे, वेळ आणि खोली मोजणारं त्यानंतर, आणि श्वास पुरवणारं यंत्र सगळ्यांत शेवटी. हे उलटं वाटेल, पण त्याला कारण आहे. ते पुढे येईलच.

मास्कवर जेवढा वेळ घालवशील तेवढा कमीच. पोहण्याचा गॉगल इथे चालत नाही, कारण त्यात नाक बाहेर राहतं. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, आतली हवा निम्म्या जागेत दबते आणि गॉगल डोळ्यांना शोषून धरतो. मास्कमध्ये नाकाने थोडी हवा सोडून ती पोकळी भरता येते. म्हणून नाकाचा कप्पा बोटांच्या चिमटीत सहज येतो का, हे दुकानातच पाहा. कान मोकळे करताना तोच धरायचा आहे.

आता बसतो की नाही हे कसं पाहायचं. पट्टा पुढे काचेवर टाक. मान वर करून छताकडे बघ आणि मास्क चेहऱ्यावर नुसता ठेव, दाबू नकोस. सिलिकॉनची कड कपाळापासून वरच्या ओठापर्यंत सगळीकडे टेकली पाहिजे. कानशिलाजवळ किंवा नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घडीत फट दिसली तर तो मास्क तिथेच परत दे. मग मान सरळ करून नाकाने अगदी हलका श्वास आत ओढ आणि हात सोड. मास्क काही सेकंद जागेवर राहायला हवा. जोरात ओढलंस तर कोणताही मास्क चिकटतो, त्यावरून काही कळत नाही. हीच चाचणी तोंडात स्नॉर्केलचा, म्हणजे पृष्ठभागावर श्वास घ्यायच्या नळीचा, माउथपीस धरून पुन्हा कर. ओठ पुढे आले की गालाची घडी बदलते, आणि कोरड्यात घट्ट बसलेला मास्क पाण्यात तिथूनच गळतो. गळला की बहुतेक जण पट्टा आवळतात. त्याने कड वाकडी होऊन आणखी पाणी येतं आणि वर कपाळावर वळ उठतात. पट्टा मास्क जागेवर ठेवण्यापुरता असतो. पाणी अडवते ती कड.

काच टेम्पर्ड असावी, तसं तिच्या कडेला कोरलेलं असतं. तुझा नंबर उणे अडीच आहे, तेव्हा दोन वेगळ्या काचांचा मास्क घे, म्हणजे नंबरच्या तयार काचा बसवता येतील. त्या अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्याने मिळतात. सिलिंड्रिकल नंबर त्यात येत नाही, पण तुझा किरकोळ आहे, अडणार नाही. नव्या काचेवर कारखान्यातल्या सिलिकॉनचा अगदी पातळ थर राहिलेला असतो आणि त्यामुळे ती सारखी धुरकटते. साधी पांढरी टूथपेस्ट, जेलवाली नव्हे, आतल्या बाजूला बोटाने दोन-तीन मिनिटं चोळ आणि धुऊन टाक. असं तीन-चार वेळा कर. आतून कोटिंग असलेल्या काचेला मात्र हे करू नकोस, ओरखडे पडतील.

स्नॉर्केल साधा, वाकवून खिशात जाणारा घे. त्यावर पैसे घालवण्यासारखं काही नाही.

फिन्स घेण्याआधी बूट घे, कारण फिन्सचा आकार बूट घालूनच ठरतो. आपल्या किनाऱ्यावर खडकांना कालवं असतात, अनवाणी पाय ठेवलास तर तळवा फाटतो. त्यामुळे मागून उघडे, पट्ट्याचे फिन्स आणि ३ ते ५ मिलिमीटरचे टाच असलेले बूट हीच जोडी तुला उपयोगी. सगळी डाइव्हिंग होडीवरूनच करणार असशील तर पायात सरळ घालायचे फिन्स हलके पडतात, प्रवासाच्या बॅगेतही मावतात. घालून बसल्यावर बोटं हलली पाहिजेत आणि टाच उचलता कामा नये. सैल असेल तर फोड येतात. फार कडक पात्याचा घेतलास तर वीस मिनिटांत पोटरीत गोळा येतो, मग तो दुकानदाराने कितीही वेगवान म्हणून दाखवलेला असो. मध्यम कडक घे. रबरी पट्ट्याऐवजी स्प्रिंगचा पट्टा मिळाला तर तोच बरा, ऐन वेळी सहसा तुटत नाही.

वेटसूट भाड्याचा मिळतो, पण तो कुणाच्या तरी मापाचा असतो. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेतं, म्हणून २७-२८ अंशांच्या पाण्यातही दुसऱ्या डाइव्हला दात वाजायला लागतात. इथे आणि अंदमानला ३ मिलिमीटरचा पूर्ण बाह्यांचा सूट पुरतो. त्याने जेलीफिशपासूनही अंग झाकलं जातं. घालून उकिडवी बस, दोन्ही हात वर कर. कमरेच्या खोलगट भागात किंवा काखेत कापड फुगलेलं दिसलं तर त्या पोकळीत दर हालचालीला गार पाणी भरणार. गळ्याशी घट्ट असावा, पण मान वळवताना दम कोंडता कामा नये.

त्यानंतर डाइव्ह कॉम्प्युटर. पहिला मोठा खर्च याच्यावर कर. तू किती खोल गेलीस, तिथे किती मिनिटं राहिलीस आणि डीकंप्रेशनशिवाय, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे न घेता, अजून किती मिनिटं राहता येईल, हे तो सतत हिशोब करून दाखवतो. जोडीदाराचा कॉम्प्युटर तुला चालत नाही. तो तुझ्यापेक्षा दोन मीटर वर असेल तर त्याचा हिशोब तुझा नाही, आणि सकाळची डाइव्ह त्याने केली नसेल तर त्याच्या यंत्राला तुझ्या अंगात मुरून उरलेल्या नायट्रोजनचा पत्ताच नसतो. एका दिवसात दोघांनी एकच यंत्र आलटून पालटून वापरू नये, तेही याच कारणाने. आकडे मोठे असावेत, चष्म्याशिवाय हातभर अंतरावरून वाचता आले पाहिजेत. नायट्रॉक्सची (जास्त ऑक्सिजनच्या हवेची) सोय असू दे, पुढे लागेल. वर येण्याचा वेग मिनिटाला ९-१० मीटरच्या पुढे गेला की त्याने ओरडलं पाहिजे. बॅटरी स्वतः बदलता येत असेल तर उत्तमच, फक्त झाकण लावताना ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीवर) केसाचा एक तुकडाही नाही ना ते उजेडात धरून बघ. तेवढ्यानेही पाणी शिरतं. अंदमानहून परतताना विमान कधी धरायचं तेही त्यातच दिसेल. एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह केल्यावर किमान १८ तास थांबायचं असतं. तू पूर्ण एक दिवस मोकळा ठेव, मला झोप लागेल.

आता रेग्युलेटर. चांगल्या केंद्रातला भाड्याचा रेग्युलेटर रोज वापरात असतो आणि ठरल्या वेळी सर्व्हिस होतो. वर्षातून सहा डाइव्ह करणाऱ्याचा स्वतःचा रेग्युलेटर दहा महिने कपाटात पडून असतो. आतल्या ओ-रिंग आणि झडपांच्या गाद्या वापर नसला तरी कडक होतात, मीठ राहिलं असेल तर खातंही. सर्व्हिस न झालेला स्वतःचा रेग्युलेटर भाड्याच्यापेक्षा वाईट. म्हणून वीस-पंचवीस डाइव्ह होऊ देत. मग घेशील तेव्हा पहिला प्रश्न हा विचार, की या मॉडेलचं सर्व्हिस किट आणि ते बसवणारा प्रशिक्षित माणूस तुझ्या शहराच्या आसपास आहे का. नसेल तर कितीही नावाजलेला असो, सोडून दे. फर्स्ट स्टेज (टाकीला जोडायचा भाग) बॅलन्स्ड घे, म्हणजे टाकी रिकामी होत आली तरी श्वास जड होत नाही. जोडणी योक (टाकीच्या तोंडावर चिमट्यासारखी बसणारी) की डिन (आट्यांनी फिरवून बसणारी) हे जिथे डाइव्ह करणार त्या केंद्राला विचारून ठरव. डिनला योकचा अडॅप्टर लावता येतो, उलटं सहज होत नाही.

तोवर भाड्याचा तपासून घ्यायला शीक. टाकी उघडण्याआधी सेकंड स्टेज, म्हणजे तोंडाकडचा भाग, तोंडात धरून हवा ओढ. काहीच यायला नको. थोडी जरी आली तर डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) किंवा उच्छ्वासाची झडप फाटलेली आहे आणि खाली पाणी तोंडात येईल. टाकी पूर्ण उघडल्यावर टाकीतला दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघत चार मोठे श्वास घे. काटा प्रत्येक श्वासाला खाली झुकत असेल तर झडप अर्धवट उघडलेली आहे नाहीतर फिल्टर तुंबलेला आहे. होज (हवेची नळी) टोकाशी वाकवून बघ, चिरा दिसल्या तर दुसरा माग. माउथपीस मात्र आत्ताच स्वतःचा घे, सोबत चार झिप टाय ठेव. दातांनी कुरतडलेल्या माउथपीसमधून पाणी शिरतं आणि नवशिका उगाच घाबरतो. अगदी स्वस्तात सुटणारा प्रश्न आहे.

बीसीडीही थांबव. भाड्याने जॅकेटचा एक, मागे फुगणारा एक असे दोन्ही वापरून बघ. मागे फुगणाऱ्याने पाण्यात आडवं छान राहता येतं, पण वर आल्यावर तो तोंडावर ढकलतो. काहींना ते सोसत नाही. पूर्ण फुगवल्यावर छाती भरून श्वास घेता आला पाहिजे. प्रत्येक डाइव्हआधी फुगवण्याचं बटण दाबून सोड आणि ते लगेच परत येतं का बघ. मिठाने अडकलं तर जॅकेट आपोआप फुगत जातं आणि माणूस वर उचलला जातो. अशा वेळी इन्फ्लेटरची, म्हणजे जॅकेटमध्ये हवा भरणारी, होज एका हाताने काढता यायला हवी. बघितल्याशिवाय, हाताने चाचपून, पन्नास वेळा सराव कर.

वजनाचा हिशोब कुणाच्या सांगण्यावर सोडू नकोस. डाइव्हच्या शेवटी टाकीत ५० बार (हवेच्या दाबाचं माप) उरले असताना, जॅकेट पूर्ण रिकामं करून, नेहमीचा श्वास धरून पाण्यात उभी राहा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं आणि श्वास सोडताच हळूहळू बुडलीस की वजन बरोबर. भरल्या टाकीवर हीच चाचणी केलीस तर त्यावर सुमारे २ किलो वाढव, कारण अकरा लिटरच्या ॲल्युमिनियम टाकीतून १५० बार हवा संपली की तेवढं वजन कमी होतं आणि ५ मीटरवरच्या तीन मिनिटांच्या खबरदारीच्या थांब्याला तू तरंगायला लागतेस. पुण्याच्या तलावात बसवलेलं वजन इथे कमी पडेल. खाऱ्या पाण्यात साधारण २ किलो जास्त लागतं.

तुझ्या यादीत एक वस्तू नव्हती, ती मी घालते. पृष्ठभागावर सोडायचा नारिंगी मार्कर बॉय (हवा भरली की पाण्यावर उभा राहणारा खुणेचा नळा), निदान सव्वा मीटर लांबीचा, आणि सोबत दोरीचा स्पूल. शिट्टी आणि दोरी कापायचं छोटं कटर. इथल्या पाण्यात मासेमारीच्या होड्या असतात, तुटकी जाळीही असतात. लाटेतलं डोकं लांबून खलाशाला सहज दिसत नाही. बॉय सोडताना स्पूल अंगाला अडकवायचा नाही, हातात धरायचा, म्हणजे अडकला तर सोडून देता येतो.

घरी आल्यावर सामान गोड्या पाण्यात भिजवून सावलीत वाळव. कॅमेऱ्याचं नंतर बोलू, आधी तीसेक डाइव्ह होऊ देत. मास्क बघायला जाशील त्या दिवशी केस मागे घट्ट बांधून जा, कडेखाली एक बट आली तरी चांगला मास्कसुद्धा गळका वाटेल. आणि आवडलेल्या दोन-तीन मास्कचे फोटो समोरून आणि बाजूने, चेहऱ्यावर ठेवलेले, मला पाठव.

तुझी,
आई